भीती घरातच असते

“एवढा साधा मुलगा तू, मग असलं भयाण का लिहितोस रे?” बेळगावात कुठल्याही घरच्या कार्याला गेलो की एखादी काकू हे विचारतेच. दिवसा सॉफ्टवेअर आणि रात्री भयकथा, हे गणित तिला जुळत नाही. पण ही परंपरा जुनीच आहे. रत्नाकर मतकरींनी बरीच वर्षं बँकेतली नोकरी सांभाळून लेखन केलं. जी. ए. कुलकर्णी तर आपल्याच भागातले. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता त्यांनी ‘काजळमाया’ लिहिली.

‘तुंबाड’ पाहिलेली मुलं विचारतात, “असलं सुचतं कुठून?” २०१८च्या त्या चित्रपटामागे नारायण धारपांची ‘आजी’ ही कथा आहे आणि ‘आजी’मागे स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’. अमेरिकेतली म्हातारी मराठी घरात आली आणि इथलीच होऊन गेली. अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस आणि त्याच्यापाशी एकटं राहिलेलं मूल, ही भीती कुठल्याही घरातली आहे.

आमच्याही घरात ती आली. आजीला विसर पडू लागला होता. एका संध्याकाळी तिने देवापाशी दिवा लावला, वळली आणि मला म्हणाली, “आपण कुणाकडे आलात?” आवाज तोच, नऊवारी तीच. फक्त तिच्या घरात मी नव्हतो. त्यानंतर मला भुतं शोधावी लागली नाहीत.

पण हे लिहायचं कसं? आजीला भूत करायला हात धजेना. शेवटी मी बाजू बदलली आणि कथा तिच्या नजरेतून सांगितली: एका बाईच्या घरात रोज संध्याकाळी एक अनोळखी माणूस येतो, तिला नावाने ओळखतो, हक्काने जेवायला बसतो आणि घरातलं कुणीच त्याला हटकत नाही.

या कथेने मला बरंच शिकवलं. ‘भेसूर’, ‘अघोरी’ असले शब्द एकेक करून गळले. राहिली ती समई, ताट, दाराची कडी. रोजच्या दहा गोष्टी नीट दाखवायच्या आणि अकरावी किंचित सरकवायची. वाचणारा तिथेच थबकतो. उत्तर देण्याची घाई करायची नाही. आणि खर्डा मोठ्याने वाचायचा. जिथे आपलाच आवाज खोटा वाटतो, ते वाक्य काढून टाकायचं.

तुमच्यापैकी कुणाला असं काही लिहावंसं वाटत असेल, तर स्मशानापेक्षा आधी आपल्या माजघरात बघा. जे बोलायचं सगळे टाळतात, कथा तिथेच असते.

ती कथा आईने वाचली. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “आईंना खरंच असं वाटत असेल का रे?”

तेव्हापासून ऑफिसातून आलो की आजीच्या खोलीच्या दारातच थांबतो, माझं नाव सांगतो आणि तिने “या” म्हटलं की मगच आत जातो.