पोंगा, सुरवंट आणि डीएनएचा बारकोड

कीटकाच्या पेशीतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांमध्ये, स्वतंत्र डीएनए असतो आणि त्यातील एका जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचून प्राण्याची जात ओळखता येते, अशी मांडणी कॅनडातील गुएल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनी 2003 मध्ये केली. हा तुकडा ‘डीएनए बारकोड’ म्हणून ओळखला जातो. तो निकटच्या जातींमध्येही बहुधा पुरेसा बदललेला असतो. मात्र वाचलेला अनुक्रम ज्याच्याशी ताडून पाहावा असा नाव ठरलेला नमुना संग्रहात नसेल, तर हाती केवळ अक्षरांची माळ राहते.

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांलगत लावलेल्या मॅलेज सापळ्यातील नमुने हाताळताना प्रस्तुत लेखकाला याचा प्रत्यय वारंवार आला. हा सापळा म्हणजे जाळीचा तंबू असून मधल्या पडद्याला अडलेले कीटक उजेडाच्या रोखाने वर चढतात आणि टोकाच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. पावसाळ्यात बाटलीत पाणी शिरून अल्कोहोल पातळ होते व डीएनएचे तुकडे पडू लागतात, त्यामुळे बाटली वेळेवर बदलणे हे यंत्रापेक्षा महत्त्वाचे काम ठरते. बाटली पांढऱ्या बशीत रिकामी केली की मोठे पतंग आणि गांधीलमाश्या चटकन वेगळ्या होतात. तळाशी उरतो तो दोन-तीन मिलिमीटरच्या, चिमटा लागताच पाय गळणाऱ्या माश्यांचा गाळ. त्यांत गादमाशीच्या कुळातील माश्या पुष्कळ असतात. पतंगाचा एक पाय पुरतो, परंतु ही माशी अख्खीच पेशी विरघळवणाऱ्या द्रावणात ठेवावी लागते आणि डीएनए निघाल्यावर तिचे रिते कवच काचपट्टीसाठी जपले जाते. मग तापमान आळीपाळीने चढवून-उतरवून विकराच्या साहाय्याने हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढल्या जातात व त्या वाचल्या जातात. सबंध बाटली एकत्र दळून एकदम वाचण्याची पद्धतही आहे. तिने यादी झटपट मिळते, पण प्रत्येक जातीचे किती कीटक होते हे खात्रीने सांगता येत नाही आणि कवचही उरत नाही.

या कुळाच्या नाव मिळालेल्या जाती जगभरात सहा हजारांहून थोड्या अधिक आहेत. उलट बारकोडच्या आधारे केलेल्या 2016 च्या अंदाजानुसार एकट्या कॅनडातच त्या सुमारे 16,000 असाव्यात. साहजिकच भंडाऱ्याच्या बशीतील बहुतेक अनुक्रमांना जुळणारे नाव संग्रहात सापडले नाही.

अशा वेळी कोस्टारिकातील ग्वानाकास्ते येथील काम मार्गदर्शक ठरते. डॅनियल जॅन्झेन व विनी हॉलवॉक्स यांनी स्थानिक रहिवाशांना प्रशिक्षण देऊन तेथील सुरवंट वर्षानुवर्षे पाळवले आणि प्रत्येकाचे खाद्यझाड, रंग व त्यातून निघालेले फुलपाखरू यांची नोंद ठेवली. 1775 पासून एकच समजल्या गेलेल्या एका फुलपाखराचे बारकोड 2004 मध्ये वाचले गेले तेव्हा निदान दहा जाती असल्याचे मांडण्यात आले. अँड्र्यू ब्राउअर यांनी 2006 मध्ये त्याच माहितीची फेरतपासणी करून हा आकडा जास्त असल्याचा आक्षेप घेतला. आकड्याचा वाद बाजूला ठेवला, तरी अनुक्रमांच्या गटांना जीवशास्त्रीय अर्थ लाभला तो सुरवंटांच्या नोंदींमुळे, असेच म्हणावे लागते. एरवी ती निव्वळ अंकांची विभागणी राहिली असती.

सापळ्यात मात्र माशी पूर्ण वाढून उडताना सापडते आणि तिची अळी कशावर वाढली हे कळण्याचा मार्ग बंद होतो. धानाच्या गादमाशीविषयी ते ठाऊक आहे, कारण तिच्या अळीमुळे फुटवा कांद्याच्या पातीसारखा पोकळ होऊन पोंगा बनतो आणि त्याला लोंबी धरत नाही, हे शेतकरी दरवर्षी पाहतो. भारतात या एकाच जातीचे सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत. ते दिसायला सारखेच असून कोणता प्रकार धानाच्या कोणत्या वाणावर वाढतो यावरूनच वेगळे काढले जातात, आणि असा भेद उकलण्यास बारकोडचा तोकडा तुकडा सहसा अपुरा पडतो. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या कामात सापळ्याच्या जोडीला धुऱ्यावरच्या गवतांचे पोंगेही गोळा केले जाऊ लागले. ते मुळासकट उपटून, बरणीत ओल्या मातीत लावून, तोंडाला मलमल बांधून ठेवले जातात आणि बाहेर पडणारी प्रत्येक माशी गवताच्या नावासह नोंदवल्यावरच द्रावणात जाते.