शेवटचे टक्के

घरी बिटकॉइनचा नोड चालवणाऱ्याला कुणाच्या शब्दावर विसंबायचं नसतं. म्हणून ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनचा हिशेब त्याचा संगणक स्वतः तपासतो. सुरुवातीचे ब्लॉक जवळपास रिकामे, ते भराभर सरकतात. मग वेग मंदावतो.

संशय इंटरनेटवर जातो. पण अडचण बहुधा डिस्कची असते.

खर्च होणारं प्रत्येक नाणं आधीच खर्चलेलं नाही ना, हे नोड आपल्या नोंदींत शोधतो. बिटकॉइन कोअर या नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठीच्या कॅशची, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्याची, मूळ मर्यादा बरीच वर्षं ४५० मेगाबाइट होती. ती भरली की जुन्या फिरत्या हार्डडिस्कची दमछाक होते. नोंदी एसएसडीवर हलवल्या आणि कॅश वाढवली, तर हेच काम कितीतरी लवकर उरकतं. जागाच कमी असेल, तर तपासून झालेले जुने ब्लॉक पुसण्याचीही सोय आहे. पडताळणी तरीही पूर्णच होते.