सात मिलिमीटरची ऊब

पाणी चार अंशांवर सर्वांत जड असतं. शाळेत हे वाक्य परीक्षेपुरतं पाठ करून आपण सोडून देतो. कॅनडातल्या ऑन्टारियोत, ह्युरॉन सरोवराच्या काठच्या टोबरमोरी गावी ते अंगावर येतं. ऑगस्टमध्ये वरचं पाणी पोहण्याजोगं झालेलं असतं, धक्क्यापाशी पोरं डुंबत असतात. पण हिवाळा सरता सरता सगळं सरोवर एकदा ढवळून निघतं, तेव्हाचं थंड, जड पाणी तळाशी तसंच बसून राहतं. उन्हाळा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. खाली उतरताना या दोन पाण्यांची वेस लागते. डायव्हर तिला थर्मोक्लाइन म्हणतात. तिथे समोरचं दृश्य क्षणभर थरथरतं आणि पुढच्याच क्षणी कपाळात कळ जाते.

एवढं सोसून तिथे जायचं ते बुडालेल्या जहाजांसाठी. 1987 साली स्थापन झालेल्या फॅदम फाइव्ह या सागरी उद्यानात अशी वीसहून अधिक जहाजं आहेत. ‘स्वीपस्टेक्स’ हे 1867 साली बांधलेलं दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज 1885 साली बिग टब बंदरात बुडालं, ते आजही जेमतेम सहा मीटरवर पडून आहे. लाकूड पोखरणारा समुद्री किडा गोड्या पाण्यात नसतो आणि थंडीत कुजण्याची चालही मंदावते. ज्या थंडीपासून आपण अंग वाचवू पाहतो, तिनंच ते जहाज राखलं आहे.

आता अंगाचं बघू. मालवणच्या पाण्यात तीन मिलिमीटरचा वेटसूट खरचटू नये म्हणून घालावा, इतकीच त्याची गरज. टोबरमोरीत दुकानात शिरलं की पहिला प्रश्न जाडीचा. पाच की सात? गिऱ्हाईकही तेच विचारतं, विकणाराही तेच सांगतो. आकडा सोपा असतो, लेबलावर छापता येतो. मला मात्र या आकड्याला दिलेला मान जरा जास्तच वाटतो.

वेटसूटमध्ये शिरलेलं पाणी अंगाच्या उष्णतेनं तापतं आणि ते पाणी आपल्याला ऊब देतं, असं पट्टीचे डायव्हरही सांगतात. पण खरं काम करतात ते निओप्रीनच्या रबरात कोंडलेले वायूचे बारीक बुडबुडे. पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगानं उष्णता ओढून नेतं. मधे वायूचा थर असला तरच निभाव लागतो. हे नेमकं ओळखलं ते ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं. युद्धकाळात अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलेला हा माणूस 1950च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीत अमेरिकी नौदलाच्या डायव्हरांची थंडी कशी घालवावी याचा विचार करत होता. ऊब हवी तर अंग कोरडंच असलं पाहिजे असं नाही, हा त्याचा मुद्दा. पुढे कॅलिफोर्नियातल्या सर्फिंगवाल्यांनी सूट विकून नाव केलं आणि पहिला कोण यावर वाद घातले. प्राध्यापक बाजूलाच राहिले.

आत शिरलेलं पाणी तापवायचं नसतं, फक्त थांबवायचं असतं. गोधडी कितीही जाड घ्या, पायाशी फट राहिली की रात्र गेलीच. म्हणून सूट घालून बघताना मी आरशाकडे पाहत नाही. कंबरेच्या खळग्यात, काखेत, मानेमागे कापड अंगाला टेकलंय का, ते चाचपते. खाली वाकते, हात वर करते. पाठीशी पोकळी राहिली तर प्रत्येक हालचालीला गार पाण्याचा एक घोट आत येणार आणि तापलेला बाहेर जाणार. बायकांच्या मापाच्या नावाखाली बरेचदा पुरुषांचाच सूट आखूड करून गुलाबी पट्टी लावलेली असते; त्या पट्टीचे पैसे देऊ नयेत. शिवणही उलटून बघावी. सुई आरपार गेलेली शिवण म्हणजे भोकांची रांग. चिकटवून, सुई अर्ध्यातच वळवून घातलेली शिवण महाग पडते, पण थंड पाण्यात तीच कामाची. मनगटाला, घोट्याला घट्ट पट्ट्या असलेल्या सूटला सेमी-ड्राय म्हणतात. सैल सातपेक्षा अंगाबरोबर बसलेला पाच मी केव्हाही घेईन.

तरी सरोवर आपला हिशेब करतंच. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे बुडबुड्यांतला वायू निम्म्या जागेत दबू पाहतो. तीस मीटरवर दाब चौपट. जिथे पाणी सर्वांत गार, तिथेच सूट सर्वांत पातळ. ‘स्वीपस्टेक्स’वर सात मिलिमीटरमधलं थोडंच कमी होतं, ‘अरेबिया’ हे जहाज तीस मीटरहून खोल आहे, तिथे मात्र अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूटच हवा. वेटसूटमध्येच भागवतो म्हणणाऱ्यांची हिंमत मान्य, अक्कल नाही. वर येताना तोच सूट पुन्हा फुगून तुम्हाला ओढू लागतो, ते वेगळंच सांभाळावं लागतं. गोड्या पाण्यात खाली राहण्यासाठी बांधायचं शिसं मात्र समुद्रापेक्षा कमी लागतं. पाणी हलकं, तरंगवण्याची ताकद कमी. सूट-टाकीसकट शंभर किलोचा माणूस असेल तर अडीच किलो सहज उतरवता येतात.

हूड आणि हातमोजे यांवर कंजूषी नको. बोटं बधिर झाली की साधी बकल उघडत नाही.

राहिला प्रश्न विकत की भाड्यानं. गार पाण्यात हातापायांचं रक्त आत सरकतं, शरीराला वाटतं पाणी फार झालं, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. सात मिलिमीटरच्या आत कोंडलेला माणूस त्यावर काय करतो, हे बोटीवर सगळे हसत हसत कबूल करतात. ते ऐकल्यावर भाड्याच्या सूटचा विचार मी सोडला, आणि स्वतःचा धुवायला एक मोठी बादलीही घेतली.