टकटक

लॅपटॉप सुरू व्हायला लागणाऱ्या वेळात माझा चहा होऊ लागला, तेव्हा मला ते सोयीचंच वाटलं होतं. बटण दाबायचं, आधण ठेवायचं. कप घेऊन येईपर्यंत पडदा उजळलेला. मग एका सकाळी चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी ते चक्र फिरतंच होतं. लॅपटॉप पिशवीत घातला आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण डिस्क घ्यायला निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो.

दुकानातल्या मुलानं तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. पिवळ्या चौकोनात ‘कॉशन’. “काकू, सेक्टर खराब होतायत. डिस्क बदला.” (याच रस्त्यावर २००८ साली मी ‘ताई’ होते.) डिस्कवरचा एखादा कप्पा नीट वाचता येईना की ती तो बाद करते आणि राखीव कप्प्यांतला एक त्याच्या जागी वापरते, असं त्यानं समजावलं. वरून आपल्याला काही कळत नाही.

मला लगेच कळलं. आम्ही अक्षरजुळणीवाले पानं ट्रेसिंग पेपरवर काढायचो, तेव्हा एका ओळीत चूक राहिली म्हणून अख्खं पान कोण पुन्हा काढणार? तेवढी ओळ ब्लेडनं कापायची, दुरुस्त ओळ बरोबर रेषेत चिकटवायची. छापून आल्यावर लेखकालाही पत्ता लागत नसे. पण एकाच पानावर आठ-दहा ठिगळं झाली की आम्हीही ते पान फाडून टाकायचो.

या धंद्यात मी १९९६ ला आले. तेव्हा दिवाळी अंक फ्लॉपीतून प्रेसला जायचा. एका फ्लॉपीत १.४४ एमबी. मजकूर मावायचा, जाहिराती आणि चित्रं तुकडे करून पाच-सहा फ्लॉप्यांत. त्यातली शेवटची प्रेसमध्ये नेमकी उघडायची नाही, आणि मी परत लोकलमध्ये. आयबीएमनं १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली, ती दोन फुटी पन्नास तबकड्यांची होती आणि तीत पन्नास लाख अक्षरं राहत. माझ्या हिशेबानं बारा दिवाळी अंक, तेही चित्रांशिवाय. हे वाचल्यावर मी फ्लॉपीला शिव्या देणं थांबवलं.

२००८ मध्ये पहिल्यांदा स्वतः डिस्क निवडली आणि चुकले. ‘लॅपटॉपची, अडीच इंची’ एवढंच सांगून घेऊन आले. घरी पाहते तर माझ्या लॅपटॉपला दोन रांगांत पिना असलेली जुनी आयडीई हवी होती, हातात होती साटा. मापं तीच, तोंड वेगळं. तेव्हापासून दुकानात जाताना जुनी डिस्क काढून सोबत नेते. तोंडी वर्णनावर कपडा आणू नये, डिस्क तर नाहीच.

दुसरी चूक महागात पडली. २०११ ची दिवाळी झाली, अंकांचे पैसे आले, आणि सगळ्या कामाची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर ठेवावी म्हणून मी पुन्हा त्या रस्त्यावर गेले. भाव जवळजवळ दुप्पट. “थायलंडला पूर आलाय,” दुकानदार म्हणाला. मला वाटलं, भाव वाढवायला यांना आता परदेशातला पूरही चालतो! पण खरंच होतं ते. ऑक्टोबरात बँकॉकच्या उत्तरेला औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या होत्या, आणि जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा वाटा तिथे तयार होत होता. पुढच्या वर्षी बघू, म्हणून मी परत फिरले.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात, रात्री साडेअकराला, लॅपटॉपच्या डिस्कमधून टक. थोडं थांबून टक... टक. कुणीतरी आतून नखानं दार वाजवावं तसं. माझ्याकडे १४४ पानांचा अंक होता आणि सहा दिवस. डेटा काढून देणाऱ्यानं सांगितलेल्या रकमेत नवा लॅपटॉप आला असता. उरलं होतं पहिलं प्रूफ, कागदावर. त्यावरून सगळं पुन्हा टाइप केलं, आणि तांबड्या शाईतल्या ज्या दुरुस्त्या एकदा केल्या होत्या त्याही पुन्हा केल्या. त्यात एका कवितेत दोन्ही वाचनांत निसटलेली एक वेलांटी सापडली. तेवढाच फायदा.

तर या वेळी. फिरती एक टीबी की निम्म्या जागेची एसएसडी, दोन्ही साधारण सारख्या भावात. फिरती डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला नव्वद. तरी वाचणाऱ्या हेडला योग्य जागी जाऊन ती जागा खाली येईपर्यंत थांबावं लागतं आणि माझा चहा त्या थांबण्यात होतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. पण मरतानाही ती बहुधा आवाज करत नाही, हे मला खटकलं. “तीन वर्षं वॉरंटी आहे, काकू.” मी विचारलं, “आतल्या मजकुराची?” तो हसला.

लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची एसएसडी बसवली. ती सात मिलिमीटर जाडीची, जागा साडेनऊची. फट भरायला प्लास्टिकची चौकट लावली. संगणक तिला ४६५ म्हणतो, कारण कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं. जुन्या फाइलींबरोबर जुने फॉण्टही आठवणीनं उचलले. युनिकोडच्या आधीचं मराठी मूळ फॉण्ट नसला की रोमन चिन्हांचा चिवडा होऊन उघडतं. ज्यांच्याकडे असं काम पडून आहे, त्यांनी एवढं आजच करावं.

आणि एक फिरती डिस्क कपाटासाठी घेतली. एसएसडी विजेशिवाय फार दिवस पडून राहिली तर तिच्यातला चार्ज हळूहळू गळतो, म्हणून कपाटात फिरतीच बरी. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती काढते, जोडते, आणि नक्कल पूर्ण होईपर्यंत घरातला रेडिओ बंद ठेवते.