लोखंडाचे कूळ

परिसाच्या स्पर्शाने लोखंडाचे सोने होते, ही कथा आपण सारेच लहानपणी ऐकतो. त्या कथेमुळे लोखंडाकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी अनुदार झाली आहे, असे मला नेहमी वाटते. सोने तिजोरीत बसून राहते. विळी, खिळा आणि नांगराचा फाळ होऊन राबते ते लोखंड. माझी आजी पालेभाजी लोखंडी कढईतच शिजवी आणि म्हणे, "याने रक्त वाढते हो!" तिच्या म्हणण्यात तथ्य होते. आपल्या रक्ताला लाली देणाऱ्या आणि प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यात लोखंड असतेच.

पण हे लोखंड मुळात आले कोठून? खाणीतून, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. खाणीत तरी ते कोणी आणून ठेवले? नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे म्हणतात. विज्ञानाला मात्र ही म्हण मान्य नाही. त्याने लोखंडाचे कूळ शोधले आणि ते निघाले थेट आकाशातले! स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांत लोखंड जन्माला येते.

तारा तर इतका दूर! तेथे काय घडते, हे आपल्याला कसे कळावे? त्यासाठी शास्त्रज्ञ अणूच्या गर्भात शिरले. अणुगर्भात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. ते फडताळातील कप्प्यांप्रमाणे ठराविक संख्येने मांडलेले असतात, असे १९४९ साली मारिया गोपर्ट-मेयर आणि हान्स जेन्सन यांनी निरनिराळे राहून दाखवून दिले. २, ८, २०, २८ असे आकडे आले की कप्पा पुरा भरतो आणि अणुगर्भाची बांधणी विशेष घट्ट होते. या आकड्यांना 'जादूचे आकडे' असे गमतीदार नाव आहे. ताऱ्याच्या स्फोटाच्या धगीत २८ प्रोटॉन आणि २८ न्यूट्रॉन एकत्र येतात व निकेल-५६ तयार होते. हे निकेल सुमारे ६ दिवसांत निम्मे होते आणि त्याचे कोबाल्ट बनते. कोबाल्ट सुमारे ७७ दिवसांत निम्मे होते आणि त्याचे बनते लोखंड.

हे सारे आकडे पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत मोजलेले होते. आकाश त्यांना दुजोरा देईल काय? ती संधी १९८७ च्या फेब्रुवारीत आली. आपल्या शेजारच्या एका लहान दीर्घिकेत, सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षे दूर, एक तारा फुटलेला दिसला. काही महिन्यांनी त्याचे तेज ओसरू लागले. किती दिवसांत ते निम्मे व्हावे? सुमारे ७७! कोबाल्टाची खूण पटविणारे गॅमा किरणही त्याच वर्षी कृत्रिम उपग्रहाने टिपले. त्या स्फोटात घडलेले निकेल पृथ्वीच्या वजनाच्या सुमारे वीस हजार पट होते, असा हिशेब निघाला. एवढ्या लोखंडाची ती पूर्वतयारी होती!

हे काम अजून संपलेले नाही. लोखंडाहून जड मूलद्रव्ये घडताना वाटेत असे अणुगर्भ येतात, की ते डोळ्याची पापणी लवण्याआधीच नाहीसे होतात. अमेरिकेत मिशिगन येथे २०२२ साली सुरू झालेल्या एका मोठ्या यंत्रशाळेत तसले दुर्मिळ अणुगर्भ मुद्दाम घडवितात. त्यांतील काही चुंबकीय क्षेत्रात फिरत ठेवतात. जड अणुगर्भ सावकाश फिरतो, हलका चपळाईने. त्याच्या फिरण्याच्या गतीवरून त्याचे वजन काढतात. तराजूत कधीच न मावणाऱ्या वस्तूचे हे वजन! आणि त्यावरून ठरते, ताऱ्यात कोणते मूलद्रव्य किती घडले असेल ते.

मला यात एक मोठा दिलासा वाटतो. माणूस ताऱ्यापर्यंत जाऊ शकत नाही, म्हणून तो हताश होऊन बसला नाही. जे हाताशी होते, ते त्याने निष्ठेने मोजले आणि त्या मापाने दूरचे आकाश जाणले. आपल्या नसांतून वाहणारे लोखंड सूर्याच्याही आधीचे, म्हणजे ४६० कोटी वर्षांहून जुने आहे. राजाच्या रक्तातले आणि रंकाच्या रक्तातले लोखंड एकाच कुळातले. हे एकदा ध्यानी आले, म्हणजे कोणाचे कूळ थोर आणि कोणाचे हलके, हा वाद किती पोकळ वाटू लागतो!