थेंबाचा हिशेब ठेवणारे बेट

अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावर लान्सारोते नावाचे बेट आहे. कॅनरी बेटांपैकी हे सर्वांत पूर्वेकडचे, अंमल स्पेनचा. आमचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त माद्रिदला असतो. गेल्या एप्रिलमध्ये त्याला आठवड्याची सुट्टी मिळाली, तेव्हा तो म्हणाला, “बाबा, तुम्हांला ऊन आणि समुद्र दोन्ही दाखवतो.” सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ऊन दाखवायला इतक्या दूर कशाला न्यायचे, असे मी म्हणालो खरा, पण तोपर्यंत सौभाग्यवतींनी दशम्या बांधायला काढल्या होत्या.

विमान खाली येऊ लागले आणि आम्ही दोघेही गप्प झालो. खाली जमीन होती ती काळी, करपलेली, जणू वणवा नुकताच विझला असावा. त्या काळ्या पटावर पांढऱ्याशुभ्र, बुटक्या घरांची गावे विखुरलेली. घरांची दारे-खिडक्या हिरव्या, समुद्रकाठी निळ्या. रस्त्याच्या कडेला जाहिरातीचा एकही फलक नाही. सेसार मान्रिके हा चित्रकार (१९१९–१९९२) याच बेटावरचा. पर्यटनाचा पैसा येऊ लागला, तेव्हा बेटाचे मूळ रूप राखले पाहिजे, यासाठी तो आयुष्यभर झगडला. उंच इमारती नकोत, फलक नकोत, हा त्याचा आग्रह बेटाने पुष्कळ अंशी मानला. १९९३ मध्ये युनेस्कोने संपूर्ण बेटाला संरक्षित जीवावरणाचा दर्जा दिला.

जमीन काळी होण्याची कथा मोठी दारुण आहे. १ सप्टेंबर १७३० रोजी येथे ज्वालामुखी फुटला आणि १७३६ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, धुमसत राहिला. बेटाचा सुमारे चौथा हिस्सा लाव्हाखाली गेला. सुपीक शेते आणि कित्येक गावे नाहीशी झाली. यायसा गावच्या धर्मगुरूने त्या दिवसांची नोंदवही लिहून ठेवली आहे. अनेक कुटुंबे बेट सोडून गेली.

जे मागे राहिले, त्यांनी एक गोष्ट हेरली. राखेचा थर जेथे पातळ होता, तेथे रोपे तग धरत होती. ही भरड काळी राख रात्रीचा दमटपणा शोषून घेते आणि दिवसा खालच्या मातीतली ओल उडू देत नाही. मग त्यांनी राखेत खोल खड्डे खणले, तळाच्या मातीत द्राक्षाची एकेक वेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूने दगडांची अर्धवर्तुळाकार ताल रचली. ला हेरिया या भागात असे हजारो खड्डे आज डोंगरउतारावर ओळीने दिसतात. वर्षाचा पाऊस दीडशे मिलिमीटरही नाही, आणि तरी प्रत्येक खड्ड्यात एक हिरवी वेल! एका वेलीसाठी एवढी जागा, एवढे श्रम. दुकानदाराच्या सवयीने मी मनात हिशेब मांडू लागलो आणि लवकरच सोडून दिला. ज्यांच्यापाशी दुसरी जमीनच नव्हती, त्यांचा हिशेब आपल्या वहीत बसत नाही.

आम्ही उतरलो होतो ते तेगीसे या जुन्या राजधानीजवळच्या एका खेड्यात. घरमालकीण सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी चौकातल्या सपाट गच्चीकडे बोट दाखवून सांगितले, मुलाने अर्थ लावला: पावसाचे पाणी गच्चीवरून उतरून अंगणाखालच्या टाक्यात साठते. पहिल्या पावसाचे पाणी मात्र वाहून जाऊ द्यायचे. ते गच्ची धुते. दुसऱ्या पावसापासून टाके भरायचे. त्यांच्या लहानपणी पाऊस चुकला की जहाजातून पाणी येई आणि बायका भांडी घेऊन रांगेत उभ्या राहत. समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना १९६० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाला, युरोपातल्या पहिल्यांपैकी एक. त्यानंतरच मोठ्या प्रमाणावर हॉटेले उभी राहिली.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक लाकडी चौकट होती. वरच्या बाजूस सच्छिद्र दगडाचे खोलगट पात्र, खाली मातीचा घडा. टाक्यातले पाणी त्या दगडातून झिरपून थेंबाथेंबाने घड्यात पडते. दगडाच्या ओलाव्यावर हंसराजाची नाजूक पाने उगवली होती. सौभाग्यवती बराच वेळ ती टपटप ऐकत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “सासूबाई घागरीवर दुहेरी गाळणे बांधायच्या, आठवते?” मला आठवत होते. आता घरात विजेवर चालणारे यंत्र आहे आणि एक तांब्या गाळताना किती पाणी मोरीत जाते, हे कोणी पाहत नाही.

जेवणाची काळजी होती, ती बाईंनीच मिटवली. मिठाच्या पाण्यात सालीसकट उकडलेले बटाटे हे येथले मानाचे पक्वान्न. आम्ही कंदमूळ खात नाही, हे ऐकून त्यांना नवल वाटले. पण राग आला नाही. त्यांनी गोफियोचा डबा काढला. भाजलेल्या गव्हाचे किंवा मक्याचे हे पीठ म्हणजे थेट आपले सातूचे पीठ! स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचे मूळ रहिवासीही असेच पीठ खात. आम्ही ते दूध-साखरेत कालवून खाल्ले. सूर्य आठनंतर मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीचे जेवणही सहज साधले.

व्यापारी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. माला आणि ग्वातिसा या गावांभोवती निवडुंगाची शेते आहेत. त्यांवर एक बारीक किडा पोसतात आणि तो वाळवून किरमिजी रंग काढतात. किलोभर मालासाठी लाखाहून अधिक जीव जातात. एकोणिसाव्या शतकात या रंगाने कॅनरी बेटांवर पैशाचा पूर आणला. शेतकऱ्यांनी धान्य मोडून निवडुंग लावला. पुढे रासायनिक रंग आले, भाव कोसळला आणि पुन्हा घरेदारे सोडण्याची पाळी आली. हाच रंग आजही मिठाई, सरबते आणि सौंदर्यप्रसाधने यांत ‘ई १२०’ या क्रमांकाने येतो. दुकानात माल भरताना वेष्टनावरचा तेवढा आकडा पाहावा.

एकाच धंद्यावर सारे पणाला लावण्याची ती चूक पुन्हा घडते आहे काय, हा प्रश्न बेटावर आज उघडपणे विचारला जातो. वस्ती दीड लाखाच्या थोडी वर. वर्षाला येणारे पर्यटक तीस लाखांच्या घरात. २० एप्रिल २०२४ रोजी सर्व कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांची घोषणा होती, ‘कॅनरीला मर्यादा आहे.’ पाहुणे नकोत असे त्यांचे म्हणणे नव्हते. राहायला घर आणि प्यायला पाणी आधी गावाला मिळावे, एवढेच होते.

शेवटच्या संध्याकाळी आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, “मुलगा हॉटेलात काम करतो. त्याला भाड्याने घर मिळत नाही. सगळी घरे पाहुण्यांना जातात.” क्षणभर थांबून हसल्या. “मीही दोन खोल्या तुम्हांलाच दिल्या. त्याच्या भाड्यातून त्याला मदत करते.” यावर काय बोलावे, ते आम्हांला सुचले नाही. आपण चार दिवसांचे भाडे मोजतो, म्हणजे हिशेब चुकता झाला असे समजतो. परिग्रहाला परिमाण असावे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रवासालाही ते असावे, असे त्या संध्याकाळी प्रथमच वाटले.

परत आल्यावर वाड्यातला जुना हौद उघडला. आजोबांनी बांधलेला हा हौद वीस वर्षे रिकामे बारदान टाकण्यासाठी वापरात होता, आणि उन्हाळ्यात आम्ही टँकर मागवत होतो. बारदान काढले, गाळ उपसला, पन्हाळीला नवा नळ जोडला. जूनमध्ये पहिला पाऊस आला, तो वाहून जाऊ दिला. दुसऱ्या पावसाला मी आणि सौभाग्यवती हौदाच्या कडेला उभे राहिलो. पाणी पडू लागले, तेव्हा तो आवाज ओळखीचा वाटला.