आजीचा विश्वास, माझी माहिती

मराठीत ‘विश्वास’ हा शब्द दोन तऱ्हांनी येतो. ‘देव आहे, असा माझा विश्वास आहे’ आणि ‘देवावर माझा विश्वास आहे.’ ऐकायला दोन्ही जवळपास सारखंच. पण हेच माणसाबद्दल बोलून बघा. तुम्हाला एक चुलतभाऊ आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. त्याच्यावर तुमचा विश्वास असेलच असं नाही.

मी नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे उपासनेत सगळे उभे राहून विश्वासाची कबुली एकत्र म्हणतात. मला ती चौथीत असताना पाठ झाली. इंजिनियरिंगमध्ये घोकलेलं निम्मंअधिक विसरले, ती नाही विसरले. पण ती म्हणताना मी वरच्या दोन वाक्यांपैकी कुठलं म्हणत असते, हे मला नीटसं सांगता येत नाही.

प्रोटेस्टंट धर्मशास्त्रात विश्वासाचे तीन भाग सांगतात. लॅटिनमध्ये त्यांना नोटिशिया, असेन्सस आणि फिड्युशिया म्हणतात. पहिला म्हणजे माहिती: येशू कोण, त्यानं काय केलं. दुसरा म्हणजे ते खरं आहे असं मान्य करणं. तिसरा म्हणजे भरवसा, त्याच्यावर आपला भार टाकणं. बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात यावर एक बोचरा टोमणा आहे. देव एकच आहे हे भुतंसुद्धा मानतात आणि थरथरतात, असं तो लिहितो. म्हणजे पहिले दोन भाग भुतांकडेही आहेत.

मध्ययुगीन चर्चनं साध्या माणसासाठी एक सवलत ठेवली होती. सगळे बारकावे कळले नाहीत तरी ‘चर्च जे मानतं ते मी मानतो’ एवढं म्हणता यायचं. सोळाव्या शतकात कॅल्विननं यावर कडक टीका केली. जे कळतच नाही त्यावर विश्वास कसला, हा त्याचा मुद्दा. इंजिनियर म्हणून मला तो पटायचा. खालचा थर नसेल तर वरचा उभा कसा राहणार?

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातही हा क्रम दिसतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पूर्ण विचार करून घेतला, आणि त्यानंतरही त्रैक्यासारख्या शिकवणीवर तिथल्या मंडळींशी पत्रांतून वाद घातला. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. तो भरवसा यायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. पुढे केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या मुली, मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल, हे सगळं त्यानंतरचं. आधी माहिती, मग मान्यता, मग भरवसा. क्रम बरोबर लागत होता.

आजीनं तो उलटा केला.

आजी चौऱ्याऐंशीची आहे. तीन वर्षांपासून डिमेन्शिया. मला ती तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारते. येशूबद्दल विचारलं तर ‘कोण?’ म्हणते. माहिती गेली, त्यामुळे मान्य करण्यासारखंही काही उरलं नाही. पण रात्री घाबरून उठली की ती हात जोडते. ओठ हलतात, शब्द नसतात. थोड्या वेळानं शांत होऊन झोपते.

डॉक्टर म्हणाले, हातांच्या सवयी बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. असेल. पण ती सवय कशाची आहे? सगळं आयुष्य भीती वाटली की ती जिथे जात आली, तिथेच अजून जाते. मला भीती वाटली की माझा हात फोनकडे जातो.

मार्चमध्ये पाळक घरी येऊन तिला प्रभुभोजन देणार होते. काकांनी हरकत घेतली. स्वतःची परीक्षा करून मगच घ्यावं, असं पौलानं सांगितलंय. हिला काय घेतोय तेच कळत नाही, मग हे आणि बिस्किट यात फरक काय? बोलताना त्यांचा आवाज कापत होता. आईला अशी बघणं सोपं नाही. मी भांडले नाही, कारण वर्षभरापूर्वी मीही तेच म्हणाले असते.

पाळक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘त्या एकट्या थोड्याच घेतायत? आपण सगळे घेतोय.’ त्यांनी भाकरीचा तुकडा आजीच्या हातावर ठेवला. तिनं तो आधी कपाळाला लावला, मग खाल्ला. असं करताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग ताट माझ्यापुढे आलं. मला कळतं का, असं कुणी विचारलं नाही. मला तर सगळंच कळतं, लॅटिन नावांसकट.

मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा एक बाप आहे. आपला विश्वास आहे असं तो सांगतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो. येशू त्याला ‘आधी पक्कं ठरव आणि मग ये’ असं म्हणत नाही. मुलगा बरा होतो. त्या बापाकडे विश्वासाचे किती भाग होते, हे मार्क लिहीत नाही.

मी तुकडा घेतला. काकांनीही घेतला. आजी माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा बहिणीच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली.